ग्लासगोत तीन दिवस : एका छोट्या सहलीचे नियोजन

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार तुमच्या परिचयाचा आहे. प्रवास संपवून घरी परतल्यावर लेखक आठवणींच्या आधारे प्रवासवर्णन लिहितो. प्रस्तुत पाठाचे स्वरूप थोडे निराळे आहे. येथे प्रवास अजून सुरू व्हायचा आहे. नकाशा, दिनदर्शिका आणि जमाखर्चाची वही समोर घेऊन केलेला हा विचार आहे. परदेशातील एका अनोळखी शहरात केवळ तीन दिवस मिळणार असतील, तर त्या दिवसांत काय पाहावे आणि काय सोडून द्यावे, हे या पाठात एका उदाहरणाच्या साहाय्याने पाहावयाचे आहे. शहर आहे स्कॉटलंडमधील ग्लासगो.

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही एखाद्या शहराची माहिती नियोजनाच्या दृष्टीने वाचू शकाल, मिळालेल्या माहितीतून आवश्यक तेवढी निवडू शकाल आणि आपल्या निवडीमागील कारणे लेखी स्वरूपात मांडू शकाल.

ग्लासगोच का?

समजा, बडोद्यात स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य आहे. पतीने सत्तरी ओलांडली आहे. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी दाहोदच्या रेल्वे कारखान्यात वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात घालवली. पत्नी शाळेत चित्रकला शिकवीत असत. त्यांना आताशा गुडघेदुखीचा त्रास आहे. मुलगा लंडनमध्ये नोकरीस असून दोघे त्याच्याकडे काही आठवड्यांसाठी गेले आहेत. मुलाला रजा नाही. पण आईवडिलांनी तीन दिवस कोठेतरी फिरून यावे, असे त्याला वाटते. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एकमुखाने नाव सुचवले ते एडिंबराचे. तेथे उंच खडकावर किल्ला आहे, राजवाडा आहे, चित्रात पाहावे तसे जुने रस्ते आहेत. वडिलांनी मात्र ग्लासगोचे नाव घेतले. कारखान्यात दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी इंजिनांच्या पाटीवर त्यांनी हे नाव वाचले होते. ज्या गावाहून ती अवजड यंत्रे आली, ते गाव एकदा पाहावे, एवढीच त्यांची इच्छा.

अशी इच्छा हेच नियोजनाचे पहिले पाऊल होय. ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाची उत्तरे कोणतीही पुस्तिका देते, आणि ती यादी कधी संपत नाही. ‘आपण तेथे कशासाठी जात आहोत?’ या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाला स्वतःच शोधावे लागते. ते सापडले की यादी आपोआप आखूड होते.

ग्लासगो हे लोकसंख्येच्या दृष्टीने स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे शहर आहे. आज तेथे सहा लाखांहून थोडे अधिक लोक राहतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही संख्या दहा लाखांच्या पलीकडे गेली होती. शहराच्या मधून क्लाइड नदी वाहते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी सुमारे एकपंचमांश जहाजे या नदीच्या काठी तयार होत असत. ब्रिटिश साम्राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असे ग्लासगो स्वतःला अभिमानाने म्हणवून घेत असे. पुढे गोद्या बंद पडल्या, कारखान्यांना कुलपे लागली, हजारो हात रिकामे झाले. मुंबईच्या गिरणगावाची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. या पडत्या काळातून शहराने गाणे, नाटक, चित्रे आणि संग्रहालये यांच्या आधाराने स्वतःला सावरले. १९९० मध्ये ते युरोपची सांस्कृतिक नगरी ठरले. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला संगीतनगरीचा मान दिला. २०१४ आणि २०२६ अशा दोन वर्षांच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपदही त्याच्या वाट्याला आले.

कधी जावे, कसे जावे?

ग्लासगोत पाऊस वर्षभर पडतो. आपल्याकडील पावसाळ्यासारखा तो धो धो कोसळत नाही. भुरभुरतो, थांबतो, पुन्हा येतो. वारा इतका की छत्री उलटी होते. म्हणून छत्रीऐवजी डोके झाकणारा रेनकोट बरा. त्यातल्या त्यात एप्रिल ते जून हा काळ कोरडा. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच दिवेलागण होते. तीन दिवसांच्या प्रवाशासाठी उजेडाचे हे तास पैशाइतकेच मोलाचे आहेत. आपल्या दांपत्याने मे महिना निवडला, तो याच कारणाने.

भारतीय नागरिकाला ब्रिटनमध्ये फिरण्यासाठी पर्यटक व्हिसा घ्यावा लागतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांसाठी वेगवेगळा व्हिसा लागत नाही. दोहोंच्या सीमेवर पारपत्र तपासले जात नाही. लंडनमधील यूस्टन स्थानकावरून सुटणारी गाडी सुमारे साडेचार तासांत ग्लासगोच्या सेंट्रल स्थानकात पोहोचते. तिकीट काही आठवडे आधी काढले तर पुष्कळ स्वस्त पडते. साठ वर्षांवरील प्रवाशांना ठरावीक शुल्क भरून सवलतपत्र घेता येते. त्यावर बहुतेक तिकिटांत एकतृतीयांश सूट मिळते. परदेशी पाहुण्यांनाही ते मिळते. दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांत सवलतपत्राची किंमत वसूल होते की नाही, हे आधी वहीत मांडून पाहावे.

येथे एक हिशेब अनेकांच्या ध्यानात येत नाही. ‘तीन दिवसांची सहल’ असे म्हटले तरी पहिल्या दिवशीची सकाळ जाण्यात आणि तिसऱ्या दिवशीची दुपार परतण्यात जाते. हाती उरतात ते दोन दिवस. याच दोन दिवसांत ‘जाताजाता’ एडिंबरा उरकावे, असा मोह होतो. रेल्वेने ते अवघ्या तासाभराच्या अंतरावर आहे. लोमंड सरोवरही जवळच आहे. हा मोह आवरावा. दोन शहरे अर्धी अर्धी पाहण्यात प्रवाशाला प्रामुख्याने रेल्वेचे फलाट पाहायला मिळतात.

मुक्काम शहराच्या मध्यभागी, सेंट्रल स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर घ्यावा. तो थोडा महाग पडेल, पण रोजचे भाडे आणि थकवा वाचेल. पाकिटात स्कॉटलंडच्या नोटा आल्या तर गोंधळून जाऊ नये. तेथील तीन बँका स्वतःच्या नावाने पौंडाच्या नोटा काढतात. त्या पूर्णपणे खऱ्या असतात; मात्र इंग्लंडमधील एखादा दुकानदार त्या घेताना कुरकुरतो, म्हणून शक्यतो त्या ग्लासगोतच खर्चून टाकाव्यात.

पाठगत प्रश्न १
(अ) तीन दिवसांची सहल प्रत्यक्षात दोन दिवसांचीच कशी ठरते?
(आ) दांपत्याने ग्लासगोची निवड का केली? ही निवड तुम्हाला योग्य वाटते का?

पहिल्या दिवशीची दुपार : पुतळा आणि त्याच्या पायथ्याची लढाई

स्थानकातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले की एक भव्य, खांबांची इमारत दिसते. ती आज आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. तिच्यापुढे घोड्यावर बसलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आहे. १८४४ मध्ये उभारलेल्या या पुतळ्याच्या डोक्यावर वाहतुकीसाठी रस्त्यात ठेवतात तसला एक नारिंगी शंकू असतो. रात्री कोणीतरी चढून तो बसवतो, पालिका काढते, तो पुन्हा येतो. अनेक दशके हा खेळ चालू आहे. २०१३ मध्ये पुतळ्याचा चौथरा उंच करून हा प्रकार थांबवावा, असा प्रस्ताव पालिकेपुढे आला. नागरिकांनी इतका विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. बड्यांची टोपी उडवण्याची ग्लासगोकरांची वृत्ती या शंकूत जशी दिसते तशी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पर्यटक शंकूचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. मराठी प्रवाशाने मात्र खाली वाकून चौथऱ्याकडे पाहावे. त्याच्या बाजूंवर बसवलेल्या धातूच्या शिल्पपटांपैकी एकावर वॉटर्लूची लढाई आहे आणि दुसऱ्यावर असईची. असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची घनघोर लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. विजय इंग्रजांना मिळाला, पण तो महागात पडला. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४ वी हायलंडर ही स्कॉटिश पलटण जवळजवळ नाहीशी झाली. ही पलटण १८८१ मध्ये ज्या दलात विलीन करण्यात आली, त्या ‘हायलंड लाइट इन्फंट्री’चे ग्लासगोशी निकटचे नाते होते. आपल्या शाळेच्या इतिहासात दोन ओळींत येऊन जाणारी लढाई साता समुद्रापार एका गजबजलेल्या चौकात धातूत कोरलेली आहे, आणि तिच्या वर हसरा शंकू आहे.

पुतळ्यामागील इमारतीचीही एक कथा आहे. तिचा मूळ भाग म्हणजे विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याने १७७८ मध्ये पूर्ण केलेला वाडा. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची राज्ये एक झाली आणि स्कॉटिश व्यापाऱ्यांना इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहती खुल्या झाल्या. व्हर्जिनिया, मेरीलँड येथील तंबाखू क्लाइडच्या मुखाशी उतरू लागली. या व्यापारातून गबर झालेल्या मंडळींना लोक ‘तंबाखूचे उमराव’ म्हणत. ती तंबाखू आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम पिकवीत होते. पुढे साखर आणि कापूस यांच्या व्यापारातही हेच घडले. या भागाला आज ‘मर्चंट सिटी’, म्हणजे व्यापारी पेठ म्हणतात. व्हर्जिनिया, जमेका ही येथल्या रस्त्यांची नावे कोठून आली, हे निराळे सांगायला नको. ब्युकॅनन, ग्लासफर्ड, इनग्राम या रस्त्यांना व्यापाऱ्यांची आडनावे मिळाली आहेत. २०२२ मध्ये ग्लासगोच्या नगरपरिषदेने गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. रस्त्यांची नावे तीच आहेत. त्यांखालून चालताना ती वाचावीत.

संध्याकाळी सॉकीहॉल रस्त्यावर जावे. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिकेला येथील कलाविद्यालय पाहायचे होते. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुकाराची ती जगप्रसिद्ध इमारत होती. २०१४ मध्ये तिला आग लागली. पुनर्बांधणी पूर्ण होत आली असतानाच २०१८ मध्ये दुसऱ्या आगीत ती जवळजवळ भस्मसात झाली. जुन्या पुस्तकांत तिची छायाचित्रे अजून आढळतात, आणि ती पाहून आलेला प्रवासी जळक्या भिंतींभोवतीच्या पहाडांपुढे उभा राहतो. निघण्यापूर्वी प्रत्येक स्थळाची ताजी स्थिती विचारून घ्यावी, ती यासाठीच. मॅकिंटॉशचेच काम असलेले ‘विलो’ हे चहागृह याच रस्त्यावर आहे. कॅथरीन क्रॅन्स्टन या कर्तबगार उद्योजिकेसाठी त्याने ते १९०३ मध्ये सजवले. खुर्च्यांच्या उंच पाठींपासून दारावरच्या काचकामापर्यंत सर्व काही एकाच हाताने रेखाटलेले आहे. एका चहाच्या किमतीत हे सर्व तासभर न्याहाळता येते. चहा मात्र आपल्या चवीला फिका वाटेल.

दुसरा दिवस : नदीकाठ आणि इंजिने

ग्लासगोची भुयारी रेल्वे १४ डिसेंबर १८९६ रोजी सुरू झाली. लंडन आणि बुडापेस्ट यांच्यानंतर जगातील ही तिसरी जुनी भुयारी रेल्वे. तिचा मार्ग म्हणजे एक वर्तुळ. पंधरा स्थानके, साडेदहा किलोमीटर, चोवीस मिनिटे. एका मार्गावर गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, दुसऱ्यावर उलट. त्यामुळे चुकीच्या गाडीत बसले तरी प्रवासी थोड्या उशिरा का होईना, इच्छित स्थळी पोहोचतोच. डबे इतके लहान की उंच माणसाचे डोके छताला टेकेल. दिवसभराचे तिकीट घ्यावे. रविवारचे वेळापत्रक इतर दिवसांपेक्षा वेगळे असते, हे ध्यानात ठेवावे.

मात्र गुडघे दुखणाऱ्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट पाहून घेतली पाहिजे. येथील बहुतेक स्थानकांवर लिफ्ट नाही. ती सेंट इनॉक आणि गोव्हन या स्थानकांवर आहे. सुदैवाने सेंट इनॉक हे मुक्कामाजवळ, आणि गोव्हन हे जेथे जायचे त्याच्या वाटेवर. नियोजन असे एका बारीक तपशिलावर उभे राहते. हा तपशील ठाऊक नसता तर पत्नीने जिन्यातच ‘तुम्ही जाऊन या, मी बसते’ असे म्हटले असते, आणि दिवसाचा रंग उडाला असता.

गोव्हन हा एके काळचा जहाजबांधणीचा भाग. येथल्या जुन्या चर्चमध्ये हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव शिळा जपून ठेवलेल्या आहेत. चर्च उघडे असेल तर अवश्य आत जावे. तेथून जवळच पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी बांधलेला पूल आहे. तो २०२४ मध्ये खुला झाला. पुलापलीकडे नदीच्या काठावर नागमोडी छताचे ‘रिव्हरसाइड’ संग्रहालय उभे आहे. झाहा हदीद या इराकी-ब्रिटिश वास्तुकर्तीने त्याची रचना केली असून ते २०११ मध्ये सुरू झाले. प्रवेशमूल्य नाही. ट्राम, मोटारी, सायकली, जहाजांच्या प्रतिकृती आणि जुन्या ग्लासगोतील एक संपूर्ण रस्ता येथे आहे. बाहेर धक्क्याला ‘ग्लेनली’ हे १८९६ चे शिडाचे जहाज बांधलेले आहे.

वडिलांचे पाऊल मात्र अडेल ते आतील एका प्रचंड काळ्या वाफेच्या इंजिनापाशी. ग्लासगोत १९४५ मध्ये तयार झालेले हे इंजिन दक्षिण आफ्रिकेत धावले आणि निवृत्त होऊन जन्मगावी परत आले. ते बांधणारी नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९०३ मध्ये तीन कारखान्यांच्या एकत्रीकरणातून जन्मली. इंजिने बांधणाऱ्या युरोपातील कारखान्यांत ती त्या काळी सर्वांत मोठी होती. शहराच्या उत्तर भागातील स्प्रिंगबर्न हे तिचे मुख्य ठाणे. भारतीय रेल्वेसाठी तिने मोठ्या संख्येने इंजिने पाठवली. दार्जिलिंगच्या घाटात धावणाऱ्या लहानग्या निळ्या इंजिनांपैकीही कित्येक ग्लासगोचीच आहेत. काही या कंपनीने बांधली, तर त्याआधीची शार्प स्टुअर्ट या तिच्या पूर्वसूरी कारखान्याने. तयार झालेले इंजिन स्प्रिंगबर्नहून शहरातील रस्त्यांवरून ओढत नदीपर्यंत आणले जाई. लोक दुतर्फा उभे राहून ते पाहत. फिनिस्टन येथे १७५ टन वजन उचलणारी क्रेन ते अलगद जहाजात ठेवी. वाफेचा काळ सरला, डिझेलचे तंत्र कंपनीला साधले नाही आणि १९६२ मध्ये तिचा कारभार आटोपला. क्रेन मात्र अजून नदीकाठी उभी आहे. आता ती काहीच उचलत नाही. तिच्या आसपास उपाहारगृहे आणि गाण्याची सभागृहे आहेत.

संग्रहालयापासून क्रेन नदीकाठाने सुमारे दोन किलोमीटर अंतरावर आहे. पत्नीने तेवढा वेळ संग्रहालयाच्या उपाहारगृहात खिडकीशी बसून नदीचे रेखाटन करावे आणि वडिलांनी एकट्याने चालून यावे, अशी सोय आराखड्यात केलेली आहे. सहलीत सर्वांनी सर्व काही बरोबरच पाहिले पाहिजे, असा दंडक नाही.

दुपारी केल्विनग्रोव्ह. रिव्हरसाइडपासून टॅक्सीने हे अंतर काही मिनिटांचे आहे. तांबूस वालुकाश्मात बांधलेली ही इमारत १९०१ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी खुली झाली. येथेही प्रवेश विनामूल्य. एका दालनात छताला दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमान टांगलेले आहे, तर त्याखालीच ‘सर रॉजर’ नावाचा पेंढा भरलेला आशियाई हत्ती उभा आहे. साल्वादोर दालीचे क्रूसावरील ख्रिस्ताचे प्रसिद्ध चित्र येथे आहे. क्रूसाकडे वरून, जणू आकाशातून पाहिलेले हे दृश्य आहे. शहराने १९५२ मध्ये ते ८,२०० पौंडांना विकत घेतले, तेव्हा एवढ्या पैशावर गदारोळ झाला होता. मध्यवर्ती दालनात रोज दुपारी भव्य ऑर्गन वाजवतात. ती वेळ आधी पाहून ठेवावी.

भारतीय वाचकासाठी या इमारतीचे आणखी एक महत्त्व आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये येथेच ग्लासगोच्या संग्रहालयांनी सात वस्तू भारताला परत करण्याच्या करारावर भारतीय उच्चायुक्तालयाच्या उपस्थितीत सह्या केल्या. त्यांतील सहा वस्तू एकोणिसाव्या शतकात मंदिरे व अन्य पवित्र स्थळे यांतून उचललेल्या होत्या. सातवी म्हणजे १९०५ मध्ये निजामाच्या संग्रहातून चोरीस गेलेली तलवार. ब्रिटनमधील एखाद्या संग्रहालयसंस्थेने भारताला वस्तू परत देण्याचे ठरवल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

केल्विनग्रोव्हच्या समोरच्या टेकडीवर ग्लासगो विद्यापीठाचा मनोरा दिसतो. विद्यापीठ १४५१ मध्ये स्थापन झाले. आजची इमारत मात्र १८७० ची आहे. तिचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकर प्रवासी तिच्यापुढे उभा राहिला की हे आपण कोठेतरी पाहिले आहे, असे त्याला वाटते, आणि ते खरेच आहे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडेही याच स्कॉटचे. मुंबईत त्याने कधी पाऊल टाकले नाही. लंडनहून कागद पाठवले.

यात एक मोठी गोष्ट सुटली आहे. शहराच्या दक्षिणेस पोलॉक उद्यानात बरेल संग्रह आहे. जहाजमालक विल्यम बरेल यांनी १९४४ मध्ये शहराला दिलेला हा कलासंग्रह, नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुला झाला. चित्रकलेच्या शिक्षिकेला तो पाहायचा होता, आणि तिची इच्छा पतीच्या इच्छेहून कमी महत्त्वाची नव्हती. परंतु त्यासाठी अर्धा दिवस हवा. केल्विनग्रोव्ह की बरेल, असा प्रश्न आला तेव्हा तिने केल्विनग्रोव्ह निवडले. पण त्या बदल्यात तेथील वेळ दीड तासावरून तीन तासांवर नेला आणि विद्यापीठाची टेकडी दुरूनच पाहायचे ठरवले. चांगला आराखडा असाच देवघेवीतून तयार होतो.

खाणे, बोलणे, संध्याकाळ

शाकाहारी माणसाची ग्लासगोत उपासमार होत नाही. भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबे येथे पिढ्यानपिढ्या राहत असून त्यांची उपाहारगृहे जागोजागी आहेत. ‘चिकन टिक्का मसाला’ हा पदार्थ आमच्याच शहरात जन्मला, असा ग्लासगोकरांचा दावा आहे. तो सर्वांना मान्य नाही. हॅगिस हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय पदार्थ मेंढीचे काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओट यांचा असतो. मात्र डाळी आणि भाज्या घालून केलेले शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळते. ‘टॅब्लेट’ नावाची साखर, लोणी आणि आटवलेले दूध यांची वडी खाताना बर्फीची आठवण होते.

लंडनमध्ये सरावलेल्या कानांना ग्लासगोची इंग्रजी प्रथम कळत नाही. ती वेगाने बोलली जाते आणि तिचे शब्दही निराळे. ‘वी’ म्हणजे लहान. पण आपण ‘एवढुसा’ म्हणताना जी माया असते ती या शब्दात आहे. न समजल्यास पुन्हा विचारावे. येथील लोक रस्ता सांगायला थांबतात आणि सांगता सांगता तुमचे गाव, मुले, प्रकृती या सर्वांची चौकशी करतात. सेल्टिक आणि रेंजर्स या दोन फुटबॉल संघांचे वैर जुने आहे. त्यांच्यातील सामन्याच्या दिवशी गर्दी टाळावी, आणि हिरव्या किंवा निळ्या रंगाचा ठळक पोशाख त्या दिवशी नको. रात्री संगीत कोठे ऐकावे, याची चिंता नाही. मद्यगृहांतून व्हायोलिन आणि बासरी घेऊन मंडळी जमतात. कोपऱ्यात बसून नुसते सरबत घेऊनही ते ऐकता येते.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

गाडी दुपारी दोनची आहे. शहराचा जुना भाग पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. बाराव्या शतकापासून उभे राहत गेलेले कॅथीड्रल येथे आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या वावटळीत स्कॉटलंडमधील बहुतेक मोठी चर्चे उद्ध्वस्त झाली, हे वाचले. तळघरात सेंट मंगो या शहराच्या संस्थापक संताची समाधी आहे. पक्षी, झाड, घंटा आणि मासा ही त्याच्या चमत्कारांची चिन्हे शहराच्या राजमुद्रेवर आणि कित्येक दिव्यांच्या खांबांवरही दिसतात. शेजारच्या सेंट मंगो संग्रहालयात जगातील विविध धर्मांच्या वस्तू एकत्र मांडलेल्या आहेत. त्यांत नटराजाची मूर्तीही आहे. या संग्रहालयाच्या सुटीचा वार आधी पाहावा. मागच्या टेकडीवर धनिकांच्या भव्य कबरींचे ‘नेक्रोपोलिस’ आहे. चढ अवघड आहे. तो चढायचा की कॅथीड्रलच्या बाकावर शांत बसायचे, हे त्या सकाळच्या गुडघ्यांवर सोपवलेले आहे. वहीत त्या जागी मुद्दामच काही लिहिलेले नाही.

खर्चाचे पान यामुळे लहानच राहिले. निवास आणि रेल्वे या दोन मोठ्या रकमा. त्यानंतर जेवण, भुयारी रेल्वेची तिकिटे, दोन टॅक्सी आणि एक चहा. पाहायच्या जागांपैकी ‘ग्लेनली’ जहाजासह जवळजवळ कोठेच प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘मराठी प्रवाशाने मात्र खाली वाकून चौथऱ्याकडे पाहावे’, असे पाठात का म्हटले आहे?
(आ) लिफ्ट असलेल्या स्थानकांच्या माहितीमुळे दुसऱ्या दिवसाच्या आराखड्यात कोणता फरक पडला?
(इ) पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : गबर होणे, टोपी उडवणे, भस्मसात होणे, मोह आवरणे.

स्वाध्याय

१. याच दांपत्याने एप्रिलऐवजी वा मेऐवजी डिसेंबरात जाण्याचे ठरवले आहे, असे समजा. त्यांच्या आराखड्यात तुम्ही कोणते बदल कराल? कारणांसह दहा ओळी लिहा.

२. ग्लासगोतील रस्त्यांची नावे बदलावीत की तीच ठेवून त्यांचा इतिहास फलकांवर लिहावा? तुमचे मत मांडा. विरुद्ध मत असणाऱ्याचा किमान एक मुद्दा त्यात आला पाहिजे.

३. तुम्ही राहता ते शहर किंवा गाव पाहण्यासाठी ग्लासगोहून एक वृद्ध पाहुणा दोन दिवसांसाठी येणार आहे. तो आयुष्यभर जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करीत होता. त्याला काय दाखवाल, आणि आवडते असूनही काय वगळाल? त्याला पाठवण्यासाठी पत्र लिहा.